अस्पष्ट

अकरा सेकंदांचा एक तुकडा.
असे दिवसाला नऊशे.
खराडीत, चौथ्या मजल्यावर,
कानांवर फोमच्या वाट्या चढवून
मी अनोळखी घरांतून फिरते, चपला न काढता.

बाई की पुरुष. वय अंदाजे. भाषा.
भावना: चारांपैकी एक चौकट.
कुकरची शिट्टी पार्श्वध्वनीत मोडते,
हुंदकाही कधीकधी.
नावं कापलेली असतात, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.
नावं कापतात. घरं कशी कापणार?

मंगळवारी दुपारी एक आला.
आधी फाटकाची घंटा,
मागून मोर ओरडला, मग मालगाडी, संपता संपेना.
घोरपडीतल्या माणसाला हे डोळे मिटून कळतं.
आणि पुरुष, वय अंदाजे पन्नास, दबक्या आवाजात:
"अगं, मार्चपासून मी कामावर जात नाहीये."
थांबला. खाकरला.
"अगं, ऐक ना. मार्चपासून..."
उत्तर आलं नाही. खोलीत कुणी नव्हतंच,
तालीम चालली होती.
कपाटावरच्या त्या बोलक्या डबीला
कुठल्याशा शब्दात आपलं नाव ऐकू आलं असेल,
ती जागी झाली.

शमुवेल साळवी, खालचा मजला.
आम्ही गावाला गेलो की किल्ली त्यांच्याकडे.
रोज आठ दहाला डबा घेऊन निघतात,
रूथताई गॅलरीतून हात करतात.

चौकट रिकामी ठेवता येत नाही.
मी 'अस्पष्ट' दाबलं,
तीनदा ऐकून झाल्यावर.

तुकडा पुसला गेला नाही, नुसता पुढे गेला.
आणखी कुणीतरी वाट्या चढवून तो ऐकेल,
तिला मोर म्हणजे गोंगाट.
शुक्रवारी टीम लीडने तक्ता दाखवला:
तुमचं अस्पष्टचं प्रमाण वाढलंय,
कान तपासून घ्या एकदा.

आज सकाळी फाटक पडलेलं.
शेजारी ते, डबा हातात.
"खराडीला नक्की काय काम असतं हो तुमचं?"
"ऐकायचं," मी म्हणाले.
"बरंय की," ते हसले, "बसून पगार."
त्यांच्या डब्याकडे बघायचं टाळलं
तर नजर घड्याळावर गेली,
आणि तेही त्यांनी पाहिलं.
गाडी गेली. फाटक वर झालं.
आम्ही दोघंही
उशीर झाल्यासारखे चालू लागलो.