कुलरच्या टपातली कोथिंबीर

जुन्या कुलरचा टप तेवढा शाबूत होता.
त्यात माती भरली,
धणे चपलेखाली रगडून पेरले.
भुसावळच्या उन्हात तगेल तेवढी तगेल.

हर्षिलानं लग्नाच्या वर्षी
कंपाउंडला संक्रांतवेल लावली होती.
यंदा जानेवारीत ती पेटली,
भिंत दिसेना, नुसतं केशरी.
स्टेशनकडे निघालेले थांबून फोटो काढतात,
झोपे गुरुजी तर गाडी चुकवून बसले.
मी जवळ जाऊन हुंगली.
वास नाही.

कोथिंबिरीचा फोटो कोण काढतं?
वांगी तुराट्यांवर भाजून बडगीत ठेचली
की आतून हाक येते,
तोडून आण गं मूठभर.
फूल येऊ द्यायचंच नसतं तिला.
आलं तर म्हणतात, वाया गेली.

मोतीबिंदू काढायला जळगावला गेले,
लेकीकडे महिनाभर राहिले.
परत आले तर वेलीचं टोक
स्वयंपाकघराच्या जाळीत शिरलेलं,
आणि टपात
गुडघाभर काड्यांवर
पांढरी, बारीक, विस्कटलेली फुलं.
मधमाश्यांना सवडच नव्हती.

सत्तेचाळीस वर्षं चिरतेय हिला.
चेहरा आज बघितला,
तोही एकाच डोळ्यानं,
दुसऱ्यावर अजून हिरवी पट्टी.

हर्षिला म्हणाली, उपटू का, आई?
पानं तर काहीच राहिली नाहीत.

नाहीत खरी.
राहू दे.
आज भरीत
तसंच खाऊ.