एअर फिल्टर

सत्तावीस दिवसांनी
जिप्सी देसूरच्या अंगणात आणून उभी केली
तर भरमूमामानं कशी आहेस विचारलं नाही.
बॉनेट उघडलं,
खटक्या सोडवल्या,
आणि फिल्टर काढून परवाच्या पेपरावर ठेवला
बाळंतिणीचं पोर ठेवावं तसा.

पहिली टिचकी. लाल.
"ही आपली. नाव्ह्याच्या वीटभट्टीपासनं."
दुसरी. काळी, जड.
"विजापूरकडनं आलीस? सरळ रस्ता सोडून?"
मी गप्प. रात्री चुकले होते.
तिसरीला पिवळसर काहीतरी, त्यात गव्हाची कुसं.
ती त्यानं फुंकरली नुसती.

मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घेतली,
वाऱ्याकडे पाठ केली.
"काय बघूलीस? दार लाव."

पडली ती राखाडी,
रांगोळीहून बारीक,
पडताना आवाजसुद्धा नाही.

मी घाईनं सांगू लागले.
सोळा हजार फुटांवरचं मैदान,
दुपारी दोनलाच बर्फाचं वारं,
चाकांच्या वीसेक वाटा वीस दिशांना
आणि एकही पाटी नाही, कुठल्याच भाषेत.
"मग बरं वाटलं असंल की," मामा म्हणाला.
आमच्या नाक्यावरची पाटी
यंदा तीनदा रंगवून झाली आहे.

त्यानं ड्रायव्हर म्हणून तिथं सहा हिवाळे काढले.
टाकीत डिझेल गोठायचं,
खाली स्टोव्ह पेटवून हे लोक
जीव मुठीत धरून चहा प्यायचे.
मी निघाले तेव्हा एवढंच म्हणाला होता:
हब हातानं लॉक कर, चढाच्या आधी, चढावर नव्हे.
आणि सगळ्यांची चाकं गेलीत
त्या चाकोरीत शिरू नको. वाळू तिथंच मऊ.

आता फिल्टरच्या घड्या
बोटानं उलगडत तो एका ठिकाणी थांबला.
"हितं दाट बसलीया.
एकाच जागी लई येळ रेस केलीस गाडी."

जर्दाळूंची पिशवी मी पुढं सरकवली.
त्यानं बघितलं नाही.

"रुतलीतीस न्हवं?"
"हो."
"चाकोरीतच?"
"हो."
"किती येळ?"
"चार तास. एक मेंढपाळ बाई आली, तिनं फळी दिली."

मामानं पेपराची पुडी बांधली,
राखाडीची वेगळी,
आणि बंडीच्या खिशात टाकली.

"मी अकरा," म्हणाला.
"रात्रीचे."

आणि तीन बोटांचा डावा पाय
चपलेत सरकवून
पाणी तापलंय का बघायला आत गेला.