चाळणीवरचे दात

क्पेमेच्या कारखान्यात माझं काम चाळणीपाशी.
गाडी येते, डबे उलटतात,
आणि समुद्राच्याच पाण्यानं आम्ही धुतो
एका जुन्या समुद्राचा तळ.
चिखल बाजूला, वाळू बाजूला,
फॉस्फेट ओलंचिंब पुढे, भट्टीत वाळायला.
चाळणीवर उरतात ते दात.
शार्कचे. करवती कडांचे, मधाच्या रंगाचे,
कुणाला चावायचं होतं ते विसरून गेलेले.

पहिल्या वर्षी खिसा भरून न्यायचो.
आता एखादाच, तोही अफेफासाठी.
दुधाचा दात पडला की
ती माझ्याकडून वसुली करते:
एकास एक.

तिचे नवे दात येतायत तपकिरी डागांचे,
माझ्यासारखेच.
विहिरीचं पाणी, म्हणतात. किंवा धूळ.
फोटो काढताना आमची अख्खी गल्ली ओठ मिटते.

धक्क्यापाशी समुद्र पिवळट.
आयिते जाळं झटकताना म्हणतो,
"दोसे, तुमचं धुणं माझ्या जाळ्यात येतं."
मी हसतो. ओठ मिटून.

बायकोचा मका रुळाच्या वळणाशी.
तिथे डबे कलतात, थोडी भुकटी सांडते.
एनयोनामनं दोन पावसाळे ती झाडून टोपलीत भरली,
ओंजळीओंजळीनं मुळाशी घातली.
मका गुडघ्यापर्यंत आला आणि थबकला,
काय सांगायला आलो तेच विसरल्यासारखा.
शाळेतले मास्तर म्हणाले,
दगड असा पचत नाही, बाई.
त्याला गंधकाचं आम्ल पाजावं लागतं,
मग कुठे तो मुळांशी बोलायला लागतो.
आणि आम्ल?
ते बोट जिथे जाते तिथे.

यंदा तिनं पोतं आणलं.
अर्धं तिचं, अर्धं तिच्या बहिणीचं;
भाव विचारू नका.
राखाडी गोळ्या, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या.
मी एक जिभेवर ठेवली.
"थुंक आधी!" एनयोनाम ओरडली.
थुंकलो.
ओळखीची नाही वाटली.
पण इतक्या लांब जाऊन आलेलं माणूसही
पहिले दोन दिवस परक्यासारखंच बोलतं.

मका आता माझ्या खांद्याला लागतोय.
काल अफेफानं कोवळं कणीस तसंच चावलं
आणि तिचा डुगडुगता दात त्यातच रुतून बसला.
रक्त पुसत, हसत, हात पुढे:
"एकास एक."

खिसे चाचपले. काही नव्हतं.
थांब, म्हटलं,
रात्रपाळी आहे माझी.