कलम नऊ

टाइपरायटरवर मीच बडवलं होतं ते कलम,
फ्राय बेन्तोसच्या क्लबात, मांसाच्या बंद कारखान्यामागे,
जिथे पेनल्टीच्या ठिपक्याशी गवत कधी धरतच नाही.
मायकोल तेव्हा सतराचा. बूट थोरल्या भावाचे,
पुढे कागदाचा बोळा.
‘भावी विक्रीच्या रकमेतले पंधरा टक्के.’
विक्री. एकच शब्द.
एल्बिओ, आमचा खजिनदार, म्हणाला,
पुरे की नेलिदा, बस चुकेल त्याची.

पुढची सहा वर्षं त्या पंधरा टक्क्यांवर
आम्ही मनातल्या मनात छप्पर घातलं,
नळाला गरम पाणी आणलं,
मुलींच्या संघाला कडी लागेल असं दार दिलं.

मग पोर्तुगालच्या त्या क्लबानं
त्याला विकलाच नाही.
दिला, आणि बदल्यात घेतला
एक उंच डॅनिश बचावपटू.
कागदावर किंमत: शून्य.
एल्बिओनं शून्याचे पंधरा टक्के
पेन्सिलीनं करून पाहिले,
दोनदा.

अदलाबदल म्हणजे विक्री का, बाई,
मोन्तेविदेओचा वकील म्हणाला, वाद एवढाच.
लिहिताना तुमचा हेतू काय होता?
हेतू!
बँक बंद व्हायला वीस मिनिटं होती,
रिबन फिकी पडत होती.

लोझानच्या लवादाची आगाऊ फी
छपराहून महाग.
कोकरू बक्षीस लावून सोडत काढली,
ते कोकरू वकिलाच्याच मेहुण्याला लागलं.
चौदा महिन्यांनी निकाल आला:
अदलाबदल ही विक्रीच,
फक्त त्या डॅनिश माणसाची किंमत काढा,
त्याच्या डाव्या गुडघ्यासकट.
तो गुडघा अजून तपासतायत.

मध्ये एकदा मायकोलचा फोन आला.
पैशाचं काही बोलला नाही.
खरंच शून्य लिहिलंय? एवढंच विचारलं.

काल नवा पोरगा आला, सोबत आई.
कलम नऊ आता दीड पानाचं झालंय:
विक्री, अदलाबदल, उसनवारी,
करारमुक्ती, भेट,
आणि आज ज्याला नाव नाही असं
कुठलंही जाणं.
ती ओळीखाली बोट धरून वाचत होती.
‘भेट’पाशी थांबली.
माझ्या पोराला कोणी भेट म्हणून देऊन टाकेल?

नाही हो, म्हटलं.
शब्द मात्र खोडला नाही.