तीन हजार दहा

वार्दोच्या धक्क्यावर पहाटेचे पावणेचार.
बोटी यायला तासभर आहे अजून.
शेडमध्ये मी, एक हीटर,
आणि वजनकाट्याला जोडलेला म्हातारा संगणक,
ज्याच्या कीबोर्डात खवले अडकलेत
आणि एंटर मुठीने दाबावं लागतं.

अपडेट आलंय.
नुसतं डबल-क्लिक केलं, तर बोलघेवड्या पाहुण्यासारखं
पायरीपायरीवर थांबून विचारतं,
पुढे जाऊ? अटी मान्य? आता रीस्टार्ट करू?
आणि तुम्ही हातमोजे काढेपर्यंत
स्वतःच हो म्हणून टाकतं.

गेल्या मार्चात तसंच झालं.
आयलर्टची मासळी काट्यावर होती,
चारशे बारा किलो कॉड, आकडा नुकता स्थिरावलेला,
आणि पडदा निळा झाला.
सात टक्के. सात टक्के. सात.
मागे तीन बोटी भोंगे वाजवत,
आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते
जसा काही समुद्रच मी बंद केलाय.
आयलर्टने पेन्सिल काढली,
आकडा खोक्याच्या फळीवर लिहिला.
ती फळी अजून आहे, ऑफिसच्या दारामागे.
मी कानाला खडा लावला.

आता काळी चौकट उघडते.
फाइलचं नाव, एक मोकळी जागा,
मग एक तिरकी रेघ आणि तिला टेकून एक शब्द.
/क्वाएट
जे करायचं ते मुकाट्याने कर.
/नोरीस्टार्ट
मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही.
/लॉग, आणि त्यामागे फोल्डरचा पत्ता.
बोलायचंच असेल तर तिथे बोल,
मी वाचेन नंतर, कॉफी घेऊन.
(एकदा पत्त्यात मधे जागा होती,
अवतरणचिन्हं द्यायची राहिली.
अर्धंच वाक्य ऐकून
ते रुसून बसलं होतं.)

दार ढकलून आयलर्ट येतो.
आज त्याची बोट गेलीच नाही.
इंजिनाचं काहीतरी, म्हणतो,
आणि खोक्यावर बसून
बराच वेळ श्वास गोळा करतो.

"या रेघा कसल्या, सिन्नोवे?"
अटी, मी म्हणते. काम करू देते, माझ्या अटींवर.
"कुठल्याही अटी ऐकतं?"
मी दुसरी चौकट उघडून रेघेपुढे
नुसतं प्रश्नचिन्ह देते.
यादी उलगडते, सतरा-अठरा ओळी,
एवढं ऐकेन, याहून जास्त नाही.
तो चष्मा लावून, बोट फिरवत
भरती-ओहोटीचं कोष्टक वाचावं तशी ती वाचतो.
"बरं आहे," म्हणतो. "विचारलं की सांगतं तरी."

ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलचं पत्र
त्याच्या आतल्या खिशात आहे, जानेवारीपासून.
झडपेचं काम. लगेच या, असं लिहिलंय.
त्याने फोन करून कळवलं, ईस्टरनंतर,
हंगाम संपल्यावर.
हे मला त्याच्या सुनेने सांगितलं,
मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही.
किंवा असेल.

पडद्यावर काही हलत नाही.
तेच मागितलं होतं मी, तरी जीव टांगणीला.
मग मी कोड विचारते आणि तो येतो:
३०१०.

"झालं?"
झालं. म्हणजे, सगळं आत उतरलंय.
एकदा बंद करून उघडायचं तेवढं राहिलंय.
"आणि तोवर?"
तोवर जुन्यावरच चालतं.
"किती दिवस?"
चालतं, मी म्हणते, हीटरकडे बघत.
पण लांबवू नये.

तो जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढतो.
बाहेर पहिल्या बोटीचा दिवा
खाली जातो, वर येतो.
मी चिकटपट्टीचा तुकडा फाडून लिहिते,
रविवारी, काटा रिकामा असताना,
आणि पडद्याच्या कडेला डकवते.
तो ते वाचतो. पुन्हा वाचतो.

"ती पट्टी दे जरा," म्हणतो,
आणि खिशात पेन्सिल चाचपतो.