खालची डावी, मागून दुसरी

कार्डावर माझा फोटो आहे, रक्तगट आहे,
आणि मागे, मुंगीच्या अक्षरात:
डोळे, दात व बाळंतपण वगळून.
बाळंतपणाचं मी समजू शकतो.

रोल्यातल्या पहिल्या दवाखान्यात कारंजं होतं.
तेव्हाच परतायला हवं होतं.
काउंटरवरची म्हणाली, मिस्टर बाश्ते
(अरबीत प नाही,
माझं पाष्टेपण विमानतळावरच जमा होतं),
नुसतं बघायचे शंभर.
म्हटलं, आ केलेलाच आहे, बघून घ्या.

रूट कॅनाल अकराशे. वर टोपी सातशे.
पगार चौदाशे,
त्यातले हजार दोन तारखेला
खेडच्या बँकेत उतरतात.
उरल्या चारशेत मी राहतो,
दाढेसकट.

शाजी केमिस्टने लवंगेचं तेल दिलं, वर सल्ला.
म्हसळ्याचे गनीभाई, तीस वर्षं इथे,
तोंडात स्वतःचे नऊ,
बोटं मोडत पत्ते सांगत गेले:
अजमानला शिंप्याच्या माडीवर एक मुलतानचा,
उपटायचे साठ, पण हात जड.
शिकाऊ पोरं स्वस्तात करतात,
पण नंबर लागेल दिवाळीनंतर.
एक केरळी बाई शुक्रवारी निम्म्यात बघायची,
ती गेली कॅनडाला.
मग म्हणाले, पाष्टे, दुखतंय तवर आपलं हाय समज.

सुपरवायझरकडे उचल मागताना
दाताच्या कण्या केल्या.
तेवढी एक शाबूत राहिली,
नेमकी दुखणारी.

रात्री बारा जणांच्या खोलीत
अकरा घोरतात.
मी उशीखाली हिशेब घालतो:
एक दाढ म्हणजे सावनीच्या क्लासची दोन वर्षं,
एक दाढ म्हणजे जायचं-यायचं तिकीट,
आणि वर अत्तराच्या सहा बाटल्या.
वैजयंती फोनवर म्हणाली,
तोंडात काय आहे?
खजूर.
मग गिळा की.

ऑगस्टात एक कॉल आला,
खाडीकाठच्या इमारतीत, तिसरा मजला, एसी बंद.
दार उघडलं तर आत ती खुर्ची,
ती वाकडी मान घातलेली दिव्याची बत्ती.
मी छपरावर दीड तास होतो.
कपॅसिटर गेला होता. एवढंच.

खाली आलो तर डॉक्टर इल्हाम, सुदानच्या,
गार पाण्याचा पेला घेऊन उभ्या.
पहिल्याच घोटाला डोळा मिटला माझा.
बसा, म्हणाल्या.
मी तळव्यांचा ग्रीस पँटला पुसला
आणि बसलो.

फोटोचे पैसे घेतले नाहीत.
वाचेल, म्हणाल्या. नऊशे घेते,
तुमचे सहाशे, तीन हप्त्यांत.
आणि काढायची तर?
त्या गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, काढायचे काही नाही.

मी लावलेला एसी तेवढा बोलत होता.
सहाशे आणि काही नाही
यांच्यामध्ये मी जीभ फिरवून पाहिली.
काढा.
सुई हातात धरून त्या थांबल्या.
तरुण दाढ आहे, मिस्टर बाश्ते.
एक्केचाळीस, म्हटलं.

आमच्याकडे खालचा दात कौलावर फेकायचे,
उंदीरमामा, जुना घे, नवा दे.
त्यासाठी खाली अंगणात उभं राहावं लागतं,
आणि वर घर लागतं.
मी तर दिवसभर छपरांवरच असतो,
खालून कुणी काही फेकत नाही.

टिश्यूत गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवली,
नटांच्या डबीत.

परवा घाईत, पन्नास अंशांत, घाम डोळ्यांत,
न बघता डबीत बोटं घातली
तर तीच हाताला लागली.
बसवून पाहिली बोल्टवर.
आटे नव्हते.