रकाना सहावा

रुग्ण पडला. वेळ: पहाटेचे दोन चाळीस, अंदाजे.
अंदाजे, कारण सतरा नंबरच्या घंटेचा दिवा
जानेवारीपासून लागत नाही
आणि घड्याळ बघायला मी तिथे नव्हते.

नाव: मेतोदी त्सोनेव. वय एक्याऐंशी.
डॅन्यूबवर मालाच्या बोटी चालवलेला माणूस,
पाणी मागायची लाज वाटते त्याला.
माझ्या चपला वाजतात का, याचा कानोसा घेत
बराच वेळ थांबला असावा.
मग स्वतःच उठला.
खुब्याचं हाड. डावं.

फॉर्म नीट छापलेला आहे.
पाचव्या रकान्यात कारणं:
निष्काळजीपणा, अज्ञान, सूचनांचं उल्लंघन.
योग्य ठिकाणी खूण करा.

मी तेव्हा चार नंबरच्या खोलीत होते,
योर्दांकाच्या पोटावर दोन्ही हातांनी गॉझ दाबून.
टाके उसवले होते तिचे.
हात उचलला असता
तर या फॉर्मवर दुसरं नाव असतं.

मजल्यावर चौतीस माणसं.
आम्ही दोघी, मी आणि स्तोयांका.
मी त्रेसष्टची, ती सदुसष्टची.
निरोपाचे गुच्छ दोघींनाही मिळून गेलेत, वाळलेही.
पेन्शन घेऊन परत आलो,
आमच्या जागी यायला कुणी उरलंच नाही म्हणून.
जिना चढताना स्तोयांका मध्येच थांबते.
कुणी बघत असलं
तर नोंदवही उघडून वाचल्यासारखं करते.

तीन वाजता म्हणाली, रुमियाना, एवढं अँपूल वाच गं,
अक्षरं हलतायत.
मी वाचलं. पुन्हा वाचलं.
तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.
चूक नव्हती.
पण घाम फुटायचा तो फुटलाच.

माझी देसिस्लावा जर्मनीत, कासेलला.
तीही नर्स. परवा फोनवर रडत होती,
आई, आज माझ्याकडे नऊ पेशंट गं, होत नाही.
मी म्हटलं, हो बाळा, नऊ फार झाले.
खरंच म्हटलं, हसले नाही.
नऊ जणांची तोंडं पुसायची, नावं लक्षात ठेवायची,
कुठे दुखतं ते ऐकून घ्यायचं,
तर नऊ फारच आहेत.

चौतिसांत ऐकून घ्यायचं राहतं.
माझं गोड बोलणं कधी संपलं
ते मला कळलंच नव्हतं;
काल पंचवीस नंबरच्या बाईची उशी सरळ केली,
तर ती म्हणाली, माफ करा हं.

आज एक मार्च.
आमच्या बल्गेरियात आज मनगटाला
लाल-पांढरा दोरा बांधतात, साल बरं जावं म्हणून.
नर्सच्या हाताला चालत नाही. जंतू.
मेतोदीला नातीनं दोन आणून दिले होते,
एक त्यानं उशीखाली राखून ठेवला,
रातपाळीच्या बाईसाठी.
खाली पडला तेव्हाही मुठीत तोच होता.
मी तो सलाईनच्या स्टँडला बांधलाय.

पाचव्यात खूण केली नाही.
सहावा रकाना: इतर. बोटभर जागा.
लिहिलं, त्याला तहान लागली होती.
खाली लिहिलं, आम्ही दोघी होतो.
सही.

सात वाजले. दिवसपाळीला एकच आली,
कोटाची बटणं काढत विचारते, रात्र कशी गेली?
मी सतरा नंबरच्या टेबलावरचा जग
हाताशी येईल असा पुढे सरकवला.
खाट रिकामी आहे.
त्याला एक्स-रेला नेलंय.